टर्नशू उलटताना पंजाशी तळाची शिवण फाटते: कारणं आणि इलाज

दोन वर्षांत मी मध्ययुगीन पद्धतीचे अकरा जोडे शिवायला घेतले. त्यातले चार उलटताना फाटले. चारही एकाच जागी, अंगठ्याच्या टोकापासून करंगळीकडे जाणाऱ्या वळणावर. दहाबारा तास मान मोडून शिवायचं, शेवटच्या दहा मिनिटांत जोडा उलटा करायचा, आणि 'चर्र' ऐकू आलं की हातात तो ओला गोळा धरून नुसतं बसून राहायचं. हा आवाज ज्यांनी ऐकलाय त्यांच्यासाठी हे लिहितेय.

मी इंग्लंडात यॉर्कजवळ राहते. इथे उन्हाळ्यात चौदाव्या शतकातला तळ उभारून त्या काळासारखं राहणाऱ्या हौशी मंडळींचा एक गट आहे, त्यात मी ओढली गेले. कपडे जमले, जोडे विकत घ्यायला गेले तर किंमत ऐकून परत आले. आजोळ कोल्हापूरचं, लहानपण चपलांच्या वासात गेलेलं. म्हटलं, चामडं शिवणं आपल्याला काय अवघड! ती रग पहिल्या जोड्यातच उतरली.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. साधारण सन १५०० पर्यंत उत्तर युरोपात चामड्याचा जोडा म्हणजे बहुतेक टर्नशूच. तो आतली बाजू बाहेर ठेवून शिवतात आणि शेवटी पिशवीसारखा उलटतात. तळाचं चामडं लाकडी फरम्याच्या (पायाच्या आकाराच्या ठोकळ्याच्या) बुडाला लावायचं, गुळगुळीत बाजू फरम्याकडे, खरबरीत बाजू आपल्याकडे. वरचं चामडंही तसंच. मग तळाच्या कडेनं गोल शिवत यायचं. तळाला आरी, म्हणजे भोक पाडायचं टोकदार हत्यार, आरपार घालत नाहीत. कडेपासून चारपाच मिलीमीटर आत, खरबरीत बाजूनं आरी शिरते आणि तळाच्या जाडीतून वळून कडेतून बाहेर पडते. म्हणून आरी वाकडी लागते. उलटल्यावर सगळा दोरा आत जातो, जमिनीला एकही टाका घासत नाही. युक्ती झकास आहे, पण सगळा भार चामड्याच्या दोनअडीच मिलीमीटर थरावर येतो. तो थर फाटला की खेळ खलास.

फाटलेला जोडा फेकू नका, आधी वाचा

चिडून कोपऱ्यात फेकण्याआधी फाटलेली जागा उजेडात धरून बघा. फाटण्याचे प्रकार मोजकेच आहेत आणि प्रत्येकाचं कारण वेगळं.

तळाच्या खरबरीत बाजूचा पापुद्रा टाक्यांसकट उचलून आला असेल, म्हणजे दोरा शाबूत, भोकं शाबूत, फक्त भोकांवरचा थर सोललेल्या पापडासारखा सुटलेला, तर भोकं उथळ पडलीत. एका भोकापासून दुसऱ्या भोकापर्यंत सरळ चीर गेली असेल, टपालाचं तिकीट दातेरी रेघेवर फाटतं तशी, तर टाके फार जवळ आहेत. तळ धड आहे पण वरच्या चामड्यातली भोकं लांबट होऊन फाटलीत, तर वरचं चामडं पातळ आहे, पोटाकडचं ढिलं आहे, किंवा मुळात चुकीच्या जातीचं आहे. नुसता दोराच तुटला असेल तर नशीब समजा. दोऱ्याला मेण कमी पडलं किंवा आरीची धार दोऱ्याला लागली, एवढंच. आणि तळाच्या मधोमध, गुळगुळीत बाजूला आडवे तडे गेले असतील तर तळ कोरडा होता, किंवा तुम्ही त्याला कढत पाण्यात घातलंत.

माझा पहिला जोडा पापडासारखा सुटला. दुसराही. मग मी भोकं खोल घेतली, तर तिसरा तिकिटासारखा फाटला. चौथाही. म्हणजे माझे रोग दोन होते. जागा एकच असल्यामुळे मी ते एक समजत होते आणि दर वेळी दोष उलटण्याला देत होते. जास्त जोर लावला, काठी चुकीची वापरली, पाणी कमी पडलं, असं काहीबाही. उलटताना फक्त कळतं हो. चूक त्याआधी आठ तास होऊन गेलेली असते.

उथळ भोकं

चामड्याची जाडी सगळीकडे सारख्या ताकदीची नसते. गुळगुळीत बाजूखालचे तंतू घट्ट विणलेले असतात, खरबरीत बाजूकडे जावं तसे ते सैल होत जातात. त्यातून जनावराच्या पोटाकडचा तुकडा असेल तर खालचा एखाद मिलीमीटर कापसासारखाच. माझी आरी तळाच्या कडेतून बाहेर पडत होती ती खरबरीत बाजूपासून जेमतेम एका मिलीमीटरवर. म्हणजे सगळा ताण त्या कापसावर.

इलाज असा. तळासाठी पाठीकडचं घट्ट चामडं घ्या, साडेतीन ते साडेचार मिलीमीटर जाडीचं. खरबरीत बाजूची लव रापीनं (चामडं तासायच्या सुरीनं) तासून टाका, हाताला घट्ट लागेपर्यंत. मग तळाच्या कडेवर, जाडीच्या बरोबर मध्यावर, पेन्सिलीनं एक रेघ सगळीकडून फिरवा. आरी त्या रेघेवरच बाहेर पडली पाहिजे. आत शिरण्याची जागासुद्धा कडेपासून पाच मिलीमीटरवर कंपासनं आखून घ्या. नजरेवर विसंबू नका. पहिले वीस टाके नजर बरोबर चालते. मग मनगट थकतं, आरीची मूठ आपोआप आडवी होते आणि भोकं हळूहळू वर सरकतात. मी नेहमी टाचेपाशी सुरुवात करायची, त्यामुळे पंजाशी पोचेपर्यंत हात दमलेला. आता दोन बैठकी करते आणि पंजाचं वळण ताज्या हातानं शिवते. एवढ्या एका बदलानं पापड सुटायचा थांबला.

बारीक टाक्याचा मोह

या दुखण्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला, कारण इथे चूक हाताची नव्हती, समजुतीची होती.

आपल्याकडे बारीक टाका म्हणजे सुबक टाका. आजीनं गोधडी शिकवताना हेच डोक्यात भरवलेलं. मी तळाला चार-चार मिलीमीटरवर टाके घालत होते आणि मनातून खूश होते. चौथा जोडा फाटल्यावर कोल्हापूरला सुभाषनगरात चपला करणाऱ्या एका काकांना व्हिडिओ कॉल लावला. बाबांच्या जुन्या ओळखीतले. फाटलेला तळ कॅमेऱ्यासमोर धरला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, फोन नाकाशी आणला.

"काय गं हे, चाळणी केलीस की चामड्याची."

"काका, टाके घट्ट बसावेत म्हणून जवळ घेतले."

"घट्ट दोऱ्यानं बसतंय, भोकानं न्हाई. दोन भोकांच्या मधी चामडं ऱ्हायलंय किती ते मोज की आधी. आणि ती आरी दाखव. ही व्हय? ही घोड्याच्या खोगिराला वापर."

मग मी मोजलं. पंजाचं वळण साधारण वीस मिलीमीटर त्रिज्येचं होतं. कडेवर माझे टाके चार मिलीमीटरवर, पण आरी शिरते ती पाच मिलीमीटर आतून, म्हणजे पंधरा मिलीमीटर त्रिज्येच्या वळणावरून. वर्तुळ लहान झालं की अंतरही त्याच प्रमाणात आखडतं. चारचं झालं तीन. आरीचं पातं अडीच मिलीमीटर रुंद. दोन भोकांमध्ये चामडं उरलं अर्धा मिलीमीटर. सरळ बाजूला हेच चार मिलीमीटर चालून जायचे, कारण तिथे आतबाहेर अंतर सारखंच राहतं. म्हणून फाटायचं ते नेमकं वळणावर.

हेच टाके सहा मिलीमीटरवर घेतले आणि पातं दोन मिलीमीटरचं केलं की वळणावर आतलं अंतर साडेचार, मध्ये शिल्लक अडीच. पाचपट चामडं, तेही कमी कष्टात.

आणि गंमत बघा, उत्तर माझ्या घरापासून फार लांब नव्हतं. ओल्या, हवा न पोचणाऱ्या गाळात चामडं टिकतं, पण जवसाच्या तंतूंचा दोरा कुजून जातो. म्हणून जुने जोडे बहुतेक वेळा सुट्या तुकड्यांतच सापडतात: एक तळ, एक वरचा भाग आणि कडेनं रिकाम्या भोकांची रांग. यॉर्कच्या कॉपरगेटला १९७६ ते १९८१ उत्खनन झालं, त्यात व्हायकिंग काळातले कितीतरी जोडे निघाले. लंडनला थेम्सकाठी बेनार्ड्स कॅसलच्या जुन्या गोदीत १९७२ साली खोदलं, तिथे चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या जोड्यांचा ढीगच होता. दोरा गेला तरी भोकं बोलतात. संग्रहालयात काचेपलीकडचा तळ मी पूर्वी दहादा पाहिला होता, पण बघायचे ते आकार आणि टोकं. फाटल्यानंतर गेले तेव्हा वाकून भोकंच मोजली. तळाच्या शिवणीला टाका साधारण पाच ते सात मिलीमीटरचा. वरच्या भागाचे तुकडे एकमेकांना जोडताना मात्र तीन-चार मिलीमीटरचा. त्या काळच्या कारागिराला बारीक टाका येत नव्हता असं नाही. कुठे घालायचा आणि कुठे नाही, हे त्याला माहीत होतं.

तुमचा जोडा टोकदार असेल तर हा हिशेब आणखी कडक होतो. चौदाव्या शतकाच्या शेवटी ज्या लांब चोचीच्या जोड्यांची फॅशन आली त्यांच्या टोकाशी त्रिज्या पाचसहा मिलीमीटरवर येते. तिथे पाच मिलीमीटर आतून आरी घातली तर सगळी भोकं एकाच बिंदूत जमा होतील. टोकाशी आत शिरण्याचं अंतर तीन मिलीमीटरवर आणा, बरोबर टोकावर एकच टाका घ्या आणि त्याच्या दोन्ही बाजूंना सातेक मिलीमीटर मोकळे सोडा. चोच चांगली उभी राहावी म्हणून त्या लोकांनी आत शेवाळ आणि केस कोंबलेले सापडलेत. तुम्ही लोकर कोंबा. आणि चोच किती लांब करायची याचा मोह आवरत नसेल तर १४६३ साली इंग्लंडच्या पार्लमेंटनं सरदारांखालच्या लोकांना दोन इंचांची मर्यादा घातली होती. शिवणाऱ्यांचे आशीर्वादच मिळाले असतील त्यांना.

चामडंच चुकीचं असेल तर

वर लिहिलेलं सगळं करूनही फाटत असेल तर चामड्याकडे बघा. बाजारात मिळणारं बहुतेक मऊ चामडं क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं असतं. ही पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या शेवटची, अमेरिकेत तिचं पेटंट १८८४ चं. मध्ययुगाशी तिचा संबंध नाही हे एक, आणि टर्नशूसाठी ती निरुपयोगी हे दुसरं. क्रोमचं चामडं रबरासारखं ताणतं आणि परत जागेवर येतं. ओलं करून फरम्यावर बसवलं तरी आकार धरत नाही. उलटताना तळ जागेवर आणि वरचा भाग ताणलेला, मग भोकं लांबणारच.

ओळखायचं कसं? कापलेल्या कडेला निळसर राखाडी झाक दिसली तर क्रोम. खात्री करायची असेल तर बोटभर तुकडा उकळत्या पाण्यात टाका. झाडाच्या सालीनं कमावलेलं चामडं आखडून, गुंडाळून टणक होतं. क्रोमचं फारसं हलत नाही. काही जण जाळून राखेचा रंग बघायला सांगतात. ते करू नका, तो धूर छातीत घेण्यासारखा नसतो. मला आवडते ती तिसरी परीक्षा. व्हिनेगरमध्ये गंजके खिळे आठवडाभर ठेवा आणि त्या पाण्याचा एक थेंब चामड्यावर सोडा. सालीचं चामडं असेल तर डोळ्यांदेखत काळं पडतं. हिरडा आणि हिराकस एकत्र करून आपल्याकडे शाई करत, तेच रसायन. मध्ययुगात काळे जोडेही लोखंडाच्या याच गुणानं काळे होत.

कोल्हापुरी चपलेचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात, त्यामुळे काकांनी पाठवलेल्या म्हशीच्या तुकड्यावर मी पुष्कळ सराव केला. कमावण्याचा प्रकार जवळचा आहे, आकार छान धरतं. पण चौदाव्या शतकातल्या लंडनकराच्या पायात म्हैस नव्हती, म्हणून खऱ्या जोड्याला मी ते वापरत नाही. तिथे तळाला गाय-बैल, वर वासरू किंवा बकरी. डेव्हनमधल्या कोलिटन गावात अजून ओकच्या सालीच्या हौदात चामडं मुरवतात, तळाचं चामडं वर्षाहून जास्त काळ. महाग आहे. एकदा वापरलंत तर महाग का आहे ते हाताला कळेल.

बूटवाल्यांच्या दुकानात 'सोल लेदर' म्हणून जे मिळतं तेही जपून घ्या. यंत्राच्या रुळाखाली दाबून ते लाकडासारखं केलेलं असतं, पाचसहा मिलीमीटर जाड. आजच्या बुटाला तेच हवं, कारण तो उलटायचा नसतो. टर्नशूचा तळ मधोमध दुमडावा लागतो. उलटायच्या सक्तीमुळेच तर मध्ययुगीन तळ पातळ राहिले. १५०० च्या सुमारास वेल्टची (वरच्या भागाच्या कडेला चामड्याची पट्टी शिवून तिला तळ जोडायची) पद्धत आली, जोडा सुलट शिवता येऊ लागला, तेव्हा कुठे जाड तळ शक्य झाले. १५४५ साली बुडालेल्या 'मेरी रोज' या इंग्रज युद्धनौकेवरच्या खलाशांच्या पायात तसे जोडे सापडतात.

दुकानदारानं क्रोमचं चामडं 'व्हेज' (सालीनं कमावलेलं) म्हणून गळ्यात मारलं तर मनस्ताप होतोच, पण ही लबाडी नवी नाही. लंडनमध्ये नव्या चामड्याचे जोडे करणाऱ्यांना कॉर्डवेनर म्हणत, स्पेनमधल्या कॉर्दोबाच्या बकरीच्या चामड्यावरून. त्यांच्या १३७५ च्या नियमांत मेंढीच्या स्वस्त चामड्याचा जोडा कॉर्दोबाचा म्हणून विकला तर दंड लिहून ठेवलाय.

पाणी: किती आणि कधी

दोन वेळा पाणी लागतं आणि दोन्ही वेळांचं प्रमाण वेगळं.

शिवण्याआधी तळ कोमट पाण्यात बुडवा. बुडबुडे यायचे थांबले की बाहेर काढा, ओल्या फडक्यात गुंडाळून रात्रभर मुरू द्या. सकाळी रंग जवळजवळ मूळचा झालेला असतो पण गालाला लावला तर गार लागतो. ही शिवण्याची वेळ. थबथबलेल्या चामड्यात दोरा ओढलात तर तो लोण्यातून तार जावी तसा चिरत जातो. कोरड्यात आरी नीट वळत नाही, मग आपण ती उथळ काढतो आणि पुन्हा पापड.

उलटण्याआधी मात्र अख्खा जोडा, वरच्या भागासकट, दहापंधरा मिनिटं कोमट पाण्यात सोडा. कोमट म्हणजे हात सुखानं बुडेल इतपतच. चहाच्या आधणाचं पाणी ओतलंत तर सालीचं चामडं आखडतं आणि ते परत कधीच सैल होत नाही. पाण्यात थोडा साबण घातला तर चामडं चामड्यावर सहज सरकतं. तो मध्ययुगीन आहे का असं कुणी विचारलं तर मी ऐकू न आल्यासारखं करते.

दोऱ्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. लिननचे सहा-सात पदर, टोकं निमुळती, मेणात राळ घालून घासलेला. राळेमुळे दोरा भोकात चिकटून बसतो आणि पुढचा टाका ओढताना मागचा सुटत नाही. उलटल्यावर शिवणीत फट पडून दोरा दात दाखवतो, त्याचं कारण बहुधा इथेच असतं: मेण नुसतं मऊ, राळ नाही. इथल्या थंडीत मी दोन भाग मेणाला एक भाग राळ घेते. सोलापूर-नागपूरच्या मे महिन्यात हे हाताला चिकटेल, तिथे राळ वाढवून बघा. सुईऐवजी जुने कारागीर रानडुकराचा राठ केस दोऱ्याच्या टोकाला गुंफत, कारण वाकड्या भोकातून सरळ सुई जात नाही. केस मिळाला नाही तर मासेमारीची जाड नायलॉन तार चालते. फट फारच पडत असेल तर तळ आणि वरचं चामडं यांच्यामध्ये चामड्याची अरुंद पट्टी घालून तिन्ही एकत्र शिवा. बाराव्या शतकापासून ही पट्टी दिसायला लागते. तुम्ही व्हायकिंग जोडा करत असाल तर तिचा मोह टाळा.

उलटायचं कसं

घाई नको. आधी टाचेकडचा वरचा भाग हातानं खाली दुमडत, मोजा सोडवावा तसा, टाचेवरून पलीकडे न्या. टाच उलटली की अर्धी लढाई जिंकली. मग तळ मधोमध दुमडा, सावकाश, अंगठ्यांनी चोळत चोळत. कुरकुर ऐकू आली तर थांबा आणि परत पाण्यात घाला.

पंजा सगळ्यात शेवटी. तो आता बाहेरून आत ढकलून तोंडातून बाहेर काढायचा. इथे लोक काठी वापरतात आणि इथेच शिवण फाडतात, कारण काठीचं टोक शिवणीवर टेकतं. काठी तळावर टेकवा, कडेपासून निदान बोटभर आत. टोक गोल आणि गुळगुळीत हवं. मी लाटण्याचा मुठीकडचा भाग वापरते. (लाटणं वेगळं ठेवलंय, पोळ्यांचं नव्हे.) टोकदार जोड्यात काठी शेवटपर्यंत पोचत नाही. त्यासाठी शिवतानाच टोकाच्या टाक्यात एक जाड दोरा ओवून त्याची शेपटी जोड्याच्या आत, तोंडापर्यंत सोडून ठेवा. पंजा आत ढकलत आणला की तीच शेपटी हळूच ओढायची. चोच बाहेर येते. मग दोरा कापून टाका.

पूर्ण जोड्यावर परीक्षा घेऊ नका. त्याच चामड्याच्या तुकड्यावर पंजाचं वळण कापा, दहाबारा टाके घाला, भिजवा आणि पकडीनं ओढून बघा. फाटायचं असेल तर तिथे फाटेल. अर्धा तास जातो. मी हे पाचव्या जोड्यापासून करायला लागले, तेव्हापासून एकही जोडा उलटताना फाटलेला नाही.

डाव्या-उजव्याचा घोळ

हे शिवणीचं दुखणं नाही, पण नव्या माणसाला हमखास गाठतं. रबरी हातमोजा उलटा केला की डाव्याचा उजवा होतो, माहीत आहे ना? टर्नशूचंही तसंच. डाव्या पायाचा जोडा शिवायला उजव्या पायाचा फरमा लागतो. उलटून झाल्यावर आकार द्यायला मात्र डावा फरमा आत घालायचा. दोन्ही पाय अगदी सारखे असतील तर फरक पडत नाही, कारण डाव्या फरम्यावरचा उजवा होतो, उजव्यावरचा डावा होतो आणि जोडी जुळतेच. माझा डावा पाय मोठा आहे. पहिली जोडी सैल उजवी आणि चावणारी डावी अशी झाली, आणि कारण कळायला मला लाज वाटावी इतके दिवस लागले.

फाटलाच तर

पापड सुटला असेल आणि फाटलेली लांबी चारपाच टाक्यांपेक्षा कमी असेल तर जोडा वाचतो. परत उलटा आतबाहेर करा, सुटलेला पापुद्रा रापीनं साफ कापून टाका, नवी भोकं दोन मिलीमीटर आणखी आतून आणि खोल घ्या. जुन्या भोकांच्या मधोमध घ्या, त्यांच्यावर नको. तळ तेवढ्या जागी किंचित अरुंद होईल, पायात कळणार नाही.

तिकिटासारखी चीर गेली असेल तर त्या तळाचा मोह सोडा. वरचा भाग सोडवून घ्या आणि नवा तळ लावा. त्यात कमीपणा काही नाही. मध्ययुगीन शहरांच्या कचऱ्यात नवे तळ लावलेले, पुढे आणि टाचेखाली ठिगळं शिवलेले जोडे रग्गड सापडतात. तो एक वेगळा धंदाच होता: कॉर्डवेनर नव्या चामड्याचं करायचा, जुन्याची डागडुजी कॉब्लर करायचा. माझ्या तिसऱ्या जोड्याचा वरचा भाग आता दुसऱ्या तळावर आहे आणि दोन उन्हाळे चालतोय. फाटलेला तळ कापून त्याच्या टाचेखालच्या पट्ट्या केल्या.

उलटल्यावर लगेच फरमा आत घाला, शिवणीवर लाकडी हातोडीनं हलक्या हातानं ठोका म्हणजे कड बसते, आणि दोन दिवस सावलीत वाळू द्या. हीटरजवळ नको, उन्हात नको. पूर्ण सुकला की गुरांची चरबी तेलात पातळ करून दोन्ही बाजूंनी चोळा, शिवणीत जास्त. पहिल्या दिवशी अर्धा तासच घाला आणि ओल्या गवतात जाऊ नका. दुसऱ्या दिवशी वळणावरच्या टाक्यांवरून नख फिरवा. एखादा टाका हलत असेल तर तो आत्ताच मेणाच्या दोऱ्यानं परत बांधा.